मागायचेच असेल, तर नव्वद षटके मागू या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

येत्या शुक्रवारी, २२ नोव्हेंबर रोजी, पर्थ येथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील बॉर्डर-गावसकर करंडकाच्या मालिकेला प्रारंभ होत आहे. १९९१-९२ नंतर प्रथमच हे दोन संघ एका मालिकेत पाच कसोटी सामने खेळणार असल्याने क्रिकेटप्रेमींमध्ये उत्सुकता असणे स्वाभाविक आहे; विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीतही कट्ट्यावरची निम्मी चर्चा क्रिकेटची असते, यावरून तिचा अंदाज यावा. मात्र ही चर्चा जवळपास सगळी ४-० या एकाच आकड्याभोवती फिरते आहे. न्यूझीलंडने आपल्याच देशात येऊन आपल्याला तिन्ही कसोटींत हरवल्यामुळे, इतर कोणाच्याही निकालावर अवलंबून न राहता जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत जायचे तर ऑस्ट्रेलियात चार सामने जिंकावे लागतील आणि एकही गमावून चालणार नाही, असे हे गणित आहे. गणित म्हणून ते बिनचूक आहे. चाहत्यांची अपेक्षा म्हणून मात्र मला ते पटत नाही, आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

भारतीय संघ १९४७-४८ साली लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात गेला. तेव्हापासूनच्या सत्त्याहत्तर वर्षांत आपण तेथे एकाही दौऱ्यात दोनपेक्षा जास्त कसोटी जिंकलेल्या नाहीत. ज्या दोन मालिका जिंकल्याबद्दल आपण आजही कॉलर ताठ करतो, त्या २०१८-१९ आणि २०२०-२१ च्या मालिकाही २-१ अशाच होत्या. बरे, डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत आटोपला, तेव्हा हाच ४-० चा आकडा काही परदेशी माजी खेळाडूंनी भारताच्या पराभवाचे भाकीत म्हणून उच्चारला होता आणि आपण त्यांना उद्धट ठरवले होते. आज तोच आकडा उलटा करून आपण आपल्याच संघाच्या गळ्यात बांधतो आहोत.

मी काही क्रिकेटचा तज्ज्ञ नाही. गेली तीसेक वर्षे पुण्यातील क्लबांच्या आणि कार्यालयांच्या सामन्यांत हौसेने गुणलेखन करतो, इतकाच माझा या खेळाशी संबंध. गुणलेखकाला एक खोड जडते: त्याच्या वहीत चौकार आणि टिंब यांना सारखीच जागा लागते, त्यामुळे धाव न निघालेला चेंडूही त्याच्या दृष्टीने घडलेलाच असतो. निर्धाव षटकाची सहा टिंबे जोडून त्यांचे इंग्रजी एम अक्षर करताना तर मला एखाद्या षटकारापेक्षा जास्त समाधान मिळते, हे घरच्यांना अजूनही समजलेले नाही.

गेल्या महिन्यात, २५ ऑक्टोबरला, मी ही वही घेऊन पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर बसलो होतो. आदल्या दिवशी वॉशिंग्टन सुंदरने ५९ धावांत ७ बळी घेऊन न्यूझीलंडला २५९ धावांत गुंडाळले होते, त्यामुळे उन्हाचा चटका असूनही लोक खुशीत होते. माझ्या पुढच्या रांगेत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. शुभमन गिल आणि यशस्वी जैस्वाल सकाळची पहिली काही षटके शांतपणे खेळून काढत होते, आणि तो मुलगा दर दोन चेंडूंनी विचारत होता, "बाबा, हा मारत का नाही?" वडील म्हणत होते, "थांब, आता मारेल." गिल पायचीत झाला. मग विराट कोहली आला, मैदान उभे राहिले, आणि मिचेल सँटनरच्या एका फुलटॉसवर, म्हणजे टप्पा न पडता थेट आलेल्या सोप्या चेंडूवर, त्याचा त्रिफळा उडाला. फुलटॉसवर! मैदानात जी शांतता पसरली, तिच्यात पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती समजू नये. त्यानंतर ऋषभ पंत आडव्या बॅटने मारायला गेला आणि त्रिफळाचीत झाला, सर्फराज खान मिडऑफला झेल देऊन परतला, आणि उपाहाराला आपली अवस्था ७ बाद १०७ होती. ज्या सँटनरने त्याआधी कसोटीच्या एका डावात कधीही पाच बळी घेतले नव्हते, त्याने त्या डावात ५३ धावांत सात घेतले. उपाहाराच्या वेळी त्या मुलाने वडिलांना विचारले, "सगळे मारायला गेले, मग आऊट कसे झाले?" वडिलांनी त्याला शेंगदाण्याची पुडी दिली.

घरी आल्यावर मी पाने उलटून पाहिली. पुण्यातील पहिला डाव ४५ षटके आणि ३ चेंडू चालला होता. बंगळूरमधील ४६ धावांचा तो लाजिरवाणा डाव ३१ षटके आणि २ चेंडूंत संपला होता, आणि मुंबईत पुढे जो झाला तो ५९ षटके आणि ४ चेंडूंचा. म्हणजे तीन कसोटींतील एकाही पहिल्या डावात आपण दिवसाचा कोटा, अर्थात नव्वद षटके, खेळून काढू शकलो नाही. संपूर्ण मालिकेतील सहा डावांत ते एकदाच जमले, बंगळूरच्या दुसऱ्या डावात, जेव्हा सर्फराजने १५० आणि पंतने ९९ धावा केल्या. वानखेडेवर विजयासाठी अवघ्या १४७ धावा हव्या असताना ३० षटकेसुद्धा तग धरता आला नाही. १२१ धावांत सगळे बाद, आणि मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलचे सामन्यात ११ बळी.

आता याच्याशेजारी ऑस्ट्रेलियातील आपल्या गेल्या दोन दौऱ्यांची पाने ठेवून पाहावीत. २०१८-१९ मध्ये ॲडलेडच्या पहिल्या डावात आपण ८८ षटके खेळलो, पर्थला १०५ षटके आणि ५ चेंडू, मेलबर्नला १६९ षटके आणि ४ चेंडू, सिडनीला १६७ षटके आणि २ चेंडू. २०२०-२१ मध्ये ॲडलेडला ९३, मेलबर्नला ११५, सिडनीला १०० आणि ब्रिस्बेनला १११ षटके पूर्ण होऊन वर काही चेंडू. आठ कसोटींत सात वेळा पहिला डाव नव्वदच्या पुढे गेला आणि आठव्यांदा केवळ दोन षटकांनी हुकला. त्या दोन्ही विजयांची कारणमीमांसा करताना आपण बुमरा, पंत, सिराज, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरची ती सोनेरी दुपार यांबद्दल भरभरून बोलतो, ते योग्यच आहे. पण या आठ आकड्यांबद्दल मी कोणालाही बोलताना ऐकलेले नाही.

नव्वद षटके खेळल्याने नेमके काय साधते, हे जरा विस्ताराने सांगावेसे वाटते. ऑस्ट्रेलियात कूकाबुरा चेंडू वापरतात. त्याची शिवण पहिली पंचवीस-तीस षटके टणक असते आणि तोपर्यंत खेळपट्टीवरून चेंडू इकडेतिकडे होतो. पुढे तो मऊ पडतो, आणि दुसरा नवा चेंडू ऐंशी षटकांनंतरच मिळतो. म्हणजे मधली पन्नास षटके ही फलंदाजांची हक्काची कमाई असते, पण ती मिळण्यासाठी आधी पहिली तीस उभे राहून काढावी लागतात. दुसरे असे की, पॅट कमिन्स, मिचेल स्टार्क, जोश हेझलवूड आणि नेथन लायन हे चौघे २०२०-२१ च्या चारही कसोटींत खेळले. त्यांना आपण दरवेळी शंभर-शंभर षटके टाकायला लावली, म्हणूनच ब्रिस्बेनला शेवटच्या दिवशी त्यांचे पाय जड झाले होते. त्या दिवशीच्या पंतच्या नाबाद ८९ धावा सगळ्यांना पाठ आहेत. चेतेश्वर पुजाराने हातावर, खांद्यावर, हेल्मेटवर चेंडू झेलत २११ चेंडूंत काढलेल्या ५६ धावा मात्र सांगाव्या लागतात. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात ६ बाद १८६ अशा अवस्थेतून पालघरचा शार्दूल ठाकूर आणि पदार्पण करणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागीदारी केली नसती, तर शेवटच्या दिवसाची वेळच आली नसती.

तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती गोलंदाजांची आहे. मोहम्मद शमी दुखापतीतून नुकताच सावरला असून त्याने गेल्याच आठवड्यात बंगालकडून रणजी सामना खेळला, परंतु तो संघात नाही. साहजिकच सगळा भार जसप्रीत बुमरावर येणार. या गोलंदाजाने ऑस्ट्रेलियात सात कसोटींत ३२ बळी घेतले आहेत, आणि रोहित शर्मा घरी बाळाचे आगमन झाल्यामुळे पहिल्या कसोटीस उपलब्ध नसल्याने पर्थला कर्णधारपदही त्याच्याकडेच आहे. फलंदाज ४५ षटकांत तंबूत परतले की, बुमराचे बूट वाळायच्या आत त्याला पुन्हा चेंडू हातात घ्यावा लागतो. पाच कसोटी, जेमतेम सात आठवडे. फलंदाजांनी खेळलेले प्रत्येक षटक ही बुमराची विश्रांती आहे, हे समीकरण ४-० च्या समीकरणापेक्षा मला अधिक जवळचे वाटते. आज निवड समितीचे अध्यक्ष असलेले अजित आगरकर यांना हे सांगण्याची गरज नसावी. डिसेंबर २००३ मध्ये ॲडलेडला त्यांनी ४१ धावांत ६ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला १९६ धावांत उखडले; पण त्याआधी ५५६ धावांना उत्तर देताना ४ बाद ८५ अशा स्थितीतून राहुल द्रविडने २३३ धावांची आणि लक्ष्मणने १४८ धावांची खेळी केली होती. त्या खेळींवाचून आगरकरांच्या सहा बळींची आज कोणाला आठवण राहिली असती?

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, याची मला जाणीव आहे. पहिला कानपूरचा. गेल्या १ ऑक्टोबरला संपलेल्या त्या कसोटीत पावसाने जवळपास अडीच दिवस खाऊनही आपण ३४ षटके आणि ४ चेंडूंत ९ बाद २८५ वर डाव घोषित करून बांगलादेशाला हरवले, आणि कसोटी अशीच खेळायची असते, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. तो डाव मीही टाळ्या वाजवत पाहिला. परंतु तेथे घड्याळाशी शर्यत होती, म्हणून ती घाई हुशारीची होती. सोळा दिवसांनी बंगळूरला ढगाळ हवेत तीच घाई अंगलट आली. दुसरा आक्षेप असा की, नव्वद षटके खेळूनही हरता येतेच. येते. २०१८ मध्ये पर्थला कोहलीने १२३ धावांची देखणी खेळी केली, पहिला डाव शंभराहून अधिक षटके चालला, तरीही आपण १४६ धावांनी हरलो, आणि ज्या नव्या मैदानावर हे घडले तेथे ऑस्ट्रेलियाने आजवरच्या चारही कसोटी जिंकल्या आहेत. मी विजयाची हमी मागत नाही. हरणे आणि कोसळणे यांत फरक आहे, आणि तो चाहत्याला मैदानात बसल्या बसल्या कळतो.

संथ खेळा, असेही माझे म्हणणे नाही. १९८१ मध्ये सिडनीला लेन पॅस्कोचा चेंडू डोक्याला लागून मैदान सोडावे लागलेल्या संदीप पाटील यांनी पुढच्याच ॲडलेड कसोटीत १७४ धावा तडकावल्या, त्या काही टुकूटुकू खेळून नव्हेत. मुंबईच्या क्रिकेटमध्ये 'खडूस' हा शब्द कौतुकाने वापरतात. त्याचा अर्थ रडतखडत खेळणे असा नसून आपली विकेट फुकट न देणे असा आहे, आणि फटके मारणाराही खडूस असू शकतो. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून सचिनला बाद करणाऱ्यास ते देत, आणि तो नाबाद राहिला तर नाणे त्याचे, ही हकिगत ठाऊक नसलेला मराठी क्रिकेटप्रेमी विरळाच. तो रुपया किती चौकार मारले यासाठी मिळत नव्हता.

असे खेळण्याची सवय लागते कोठे, हा प्रश्न यातून निघतोच. न्यूझीलंडविरुद्धच्या सहा डावांत रोहितने ९१ आणि कोहलीने ९३ धावा केल्या. दोघेही महान फलंदाज आहेत आणि त्यांना घरी बसवा, अशी ओरड मी करणार नाही. पण सप्टेंबरमधील दुलीप करंडकात ते खेळले नाहीत, रोहितचा शेवटचा रणजी सामना २०१५ सालचा आणि कोहलीचा २०१२ सालचा, हे कोणी तरी शांतपणे सांगितले पाहिजे. पर्थला पोहोचल्यावर भारत 'अ' संघाबरोबर ठरलेला सराव सामनाही गुंडाळून त्याऐवजी मैदानात सामन्यासारखा सराव करण्यात आला. त्यातही गिलच्या अंगठ्याला इजा झाली आहे. पुजारा आणि अजिंक्य रहाणे या वेळी संघात नाहीत. वय आणि कामगिरी पाहता निवड समितीचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, तरी २०१८-१९ मध्ये एकट्या पुजाराने खेळलेले १,२५८ चेंडू, म्हणजे दोनशे नऊ षटके आणि वर चार चेंडू, आता कोण वाटून घेणार, याचे उत्तर संघ जाहीर करताना मिळायला हवे होते. भारत 'अ' संघाचे नेतृत्व आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने केले, याचा अभिमान वाटला. मात्र त्याच्या बॅटमधून तेथे धावा झाल्या नाहीत, हेही पुणेकर म्हणून मान्य करतो. उलट मेलबर्नला ध्रुव जुरेलने ८० आणि ६८ धावा केल्या. विशेषज्ञ फलंदाज म्हणून त्याला पर्थला खेळवावे, असे मला वाटते.

राहता राहिलो आपण, म्हणजे चाहते. ११ जानेवारी २०२१ ला सिडनी कसोटीच्या शेवटच्या दिवशी मी पहाटेपासून स्वयंपाकघरातील टेबलावर वही मांडून बसलो होतो. हनुमा विहारीचा स्नायू दुखावलेला, अश्विनला पाठीमुळे धड वाकता येत नव्हते, आणि दोघे चाळीसहून अधिक षटके खेळपट्टीवर ठाण मांडून राहिले. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. भारत १३१ षटकांत ५ बाद ३३४, सामना अनिर्णित. मध्येच सौभाग्यवतींनी वहीत डोकावून विचारले, "काही घडतंय का यात, की नुसती टिंबंच?" मी म्हटले, आज टिंबंच घडताहेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तो निकाल मोठ्या मथळ्यात आला, पण मी पाहिलेल्या धावफलकांत विहारीच्या नावापुढे फक्त २३ छापलेले होते. ज्याने सामना पाहिला नाही, त्याने त्या २३ वरून काय समजावे? गहुंजेतील त्या मुलाच्या वडिलांना तरी दोष कसा द्यावा, जर आपण त्यांना धावांखेरीज काही मोजायलाच शिकवले नसेल?

म्हणून संपादक महोदय, माझी अपेक्षा संघाकडून एक आणि आपल्याकडून एक आहे. संघाने पाचही कसोटींच्या पहिल्या डावात नव्वद षटके खेळावीत. आणि आपण या मालिकेपुरते तरी धावफलकात प्रत्येक फलंदाजाच्या धावांपुढे त्याने खेळलेले चेंडू आणि डावाच्या शेवटी एकूण षटके छापावीत. पर्थचा खेळ आपल्याकडे सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी सुरू होतो आणि सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ तारखेला, राज्यात मतमोजणी आहे. २४ तारखेच्या अंकाचे पहिले पान तिनेच व्यापलेले असणार, हे उघड आहे. आतल्या पानावर, बारीक टाइपात दिले तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक हौशी गुणलेखक
कोथरूड, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४